विठाबाईंचा अभिनय कुठे नोंदला आहे?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा विषय निघाला, की एक प्रसंग हमखास सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, खेळ चालू असतानाच आत बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. हकिकत विलक्षण आहेच. पण तिच्याआड त्यांच्यातली नटी झाकली गेली, असे मला वाटते.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. आजोबा नारायण खुडे यांच्यापासून घरात तमाशा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड हीच त्यांची शाळा. गण, गवळण, बतावणी, लावणी, वग हा तिथला अभ्यासक्रम. इंग्रजी रंगभूमीवरचे जॉन गिलगुडही असेच नटांच्या घराण्यातले. एलन टेरी त्यांच्या आजीची बहीण. पण १९३० साली ओल्ड व्हिकमध्ये त्यांनी केलेला हॅम्लेट कसा होता, हे आजही वाचता येते. संहिता छापलेली होती आणि समीक्षक खुर्चीत बसलेला होता.

वगाची गोष्ट वेगळी. कथानक ठरलेले असते, संवाद पुष्कळदा बोर्डावरच जुळतात. सोंगाड्याने टाकलेला शब्द झेलायचा, ढोलकीच्या तोडीला थांबायचे, उघड्या मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज न्यायचा. लेखक आणि नट ही दोन्ही कामे एकाच वेळी करणारी ही कला. तिची संहिता मागे राहत नाही. उरतो फक्त पाहणारा. आणि आपला नाट्यसमीक्षक तिथे सहसा गेला नाही.

१९५७ आणि १९९० साली विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळाले. योगीराज बागूल यांनी 'तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा' लिहून त्यांचे जगणे नोंदवले, हे मोठेच काम. तरी त्या करुण प्रसंगात आवाज कुठे उतरवत, बतावणीत किती सावकाश उत्तर देत, याची चर्चा आपल्या समीक्षेत शोधावी लागते. बाळंतपणाच्या हकिकतीलाही आपण कलानिष्ठेचे नाव देऊन मोकळे होतो. सुपारी घेतलेला खेळ मोडला तर अख्ख्या फडाच्या पोटावर येते, ही बाजू त्यात राहून जाते. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, त्याही हलाखीत.

चैत्रातल्या यात्रांसाठी नारायणगावात आजही फडांच्या राहुट्या लागतात, गावकारभारी सुपाऱ्या ठरवायला येतात. जुन्नर-आंबेगावच्या गावांत विठाबाईंचा वग पाहिलेली माणसे अजून भेटतात. त्यांना बाळंतपणाची गोष्ट विचारू नये. त्या रात्री बाई बोर्डावर कशा आल्या, पहिला शब्द कसा उच्चारला, हे विचारावे आणि लिहून घ्यावे. ही माणसे आता वयस्कर आहेत.