कंदांचा वसंत

वसंत म्हटला कीं चैत्र, आणि चैत्र म्हटला कीं आम्रमंजरी व कोकिळ, ही गांठ आमच्या मनांत इतकी पक्की बसली आहे कीं, एखाद्या प्रदेशाच्या वा एखाद्या मातीच्या बाबतींत ती सुटूं शकेल हें आम्ही सहसा ध्यानांत घेत नाहीं. इंग्रजी शिक्षणानें तिच्यावर आणखी एक गांठ मारली. वसंतांत जमिनींतून लहान लहान कंदांचीं फुलें वर येतात, स्नोड्रॉप, क्रोकस, डॅफोडिल, ट्युलिप अशा क्रमानें तीं हिवाळ्याला निरोप देतात, ही कल्पना सुशिक्षित मराठी कुटुंबांत पुस्तकांच्या वाटेनें आली आणि घरच्यासारखी होऊन बसली. ह्या दोन गांठींच्या मध्यें आमच्या सोलापुरी अंगणांतला खराखुरा कंदांचा वसंत बिननांवाचा राहून गेला आहे. तो कोणत्या महिन्यांत येतो आणि आमच्या रसिकतेनें त्याला कसें वागविलें, ह्याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

आरंभ वर्डस्वर्थपासूनच करणें भाग आहे. १५ एप्रिल १८०२ रोजीं तो व त्याची बहीण डॉरोथी ह्यांनीं अल्सवॉटर सरोवराच्या कांठीं डॅफोडिलांचा विस्तीर्ण ताटवा पाहिला. डॉरोथीनें तो आपल्या दैनंदिनींत टिपून ठेवला. कवीनें दोन वर्षांनंतर त्याची कविता केली, आणि १८०७ सालीं ती छापली गेली. (कवितेंत कवि एकटाच भटकतो, बहीण तेथें नाहीं. पण तें असो.) ह्या कवितेविषयींचा आमचा आदर यत्किंचित् कमी नाहीं. आमची तक्रार ती शिकविण्याच्या रीतीविषयीं आहे. आमच्या इकडील शाळा-कॉलेजांतून पिढ्यान्‌पिढ्या ती शिकविली गेली, आणि 'डॅफोडिल म्हणजे एक पिवळें फूल' एवढ्या टीपेवर पुष्कळ ठिकाणीं काम भागविण्यांत आलें. तें फूल कंदापासून उगवतें, तो कंद सारा हिवाळा गारठलेल्या मातींत काढतो, आणि म्हणून तें दिसतांच तिकडील मनुष्याला एखाद्या दीर्घ शिक्षेंतून सुटल्याचा आनंद होतो, ही गोष्ट सांगितल्यावांचून त्या कवितेचा गाभा हातीं लागत नाहीं. वर्गांत बसलेल्या सोलापुरच्या मुलाला असल्या सुटकेचा अनुभव नाहीं असें थोडेंच आहे? तो त्याला पुरेपूर आहे. फक्त तो एप्रिलांत नसतो. एप्रिलांत आमच्याकडे पारा चाळिसाच्या वर चढूं लागलेला असतो, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडूं लागतात, आणि सुटकेला अद्याप दोन महिने अवकाश असतो. मृगाची पहिली सर कोसळते त्या संध्याकाळीं आमचा हिवाळा संपतो, असें म्हटलें तर तें विचित्र दिसेल. पण कंदांच्या दृष्टीनें तें अक्षरशः खरें आहे.

कंद म्हणजे काय हें समजावून घेण्यास सोलापुरकरांना दूर जावयास नको. कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ दाराशीं आहे. कांदा उभा चिरला कीं बुडाशीं एक चपटी चकती दिसते, तेंच त्याचें खोड. तिच्यावर एकाआड एक चढलेले जाड पापुद्रे हीं पानांचींच बुडें असून त्यांत अन्न सांठविलेलें असतें. आणि अगदीं मध्यभागीं पुढल्या ऋतूचा कोंब गुंडाळून ठेवलेला असतो. सगळी बाग एका मुठींत मावेल अशा रीतीनें बांधून ठेवण्याची ही युक्ति वनस्पतींना सुचली ती संकटामुळें: कोठें थंडीच्या, कोठें उन्हाच्या. पेटी एकच, कुलुपें मात्र निरनिराळीं. ट्युलिप-डॅफोडिलांचें कुलूप थंडीनें उघडतें. सुमारें बारा ते सोळा आठवडे चांगला गारठा मिळाल्यावांचून त्यांच्या पोटांतलें फूल धडपणें वर येत नाहीं. सोलापुरांत पौषांतही दुपारचा पारा तिसाच्या आसपास असतो. खुद्द कांदाही थोडासा ह्याच स्वभावाचा. लहानपणीं त्याला थंडी अधिक लागली तर तो भर शेतांत फुलाचा दांडा काढतो. शेतकरी त्याला डेंगळा म्हणतो, आणि बियाण्याचा मळा सोडला तर त्याच्याकडे नुकसान म्हणूनच पाहतो. कंदाला फूल येणें ही आपत्ति मानणाऱ्या प्रदेशांत कंदपुष्पांची रसिकता उशीरा यावी, ह्यांत नवल तें कसलें!

पावसानें उघडणाऱ्या कुलुपाचें उत्तम उदाहरण म्हणजे जिला सगळेजण नुसतें 'लिली' म्हणतात ती पावसाळी लिली. गवतासारखीं बारीक पानें, कुंपणाच्या कडेला किंवा तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशीं लावलेली एक ओळ, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर चार-सहा दिवसांनीं एका सकाळीं अचानक उभीं राहिलेलीं गुलाबी, पांढरीं वा पिवळीं फुलें. हिचें शास्त्रीय नांव झेफिरँथस. विल्यम हर्बर्ट ह्या इंग्रज वनस्पतिज्ञानें तें १८२१ सालीं दिलें, आणि त्याचा ग्रीक अर्थ 'पश्चिम वाऱ्याचें फूल' असा आहे. हिचें मूळ घर अमेरिका खंडांत. परंतु आमच्याकडेही पाऊस पश्चिमेकडूनच येत असल्यामुळें हें नांव तिला येथें जितकें शोभतें तितकें दुसरीकडे क्वचित्‌च शोभत असेल. हिला केवळ पाणी नको असतें. आधीं पुरतें कोरडें पडणें आणि मग एकदम भिजणें, ह्या दोहोंनीं मिळून ती फुलते. रोज झारीनें पाणी घालणाऱ्याच्या घरीं पानें हिरवीगार माजतात आणि फुलें मोजकींच येतात. उन्हाळ्यांत जिच्याकडे कोणी पाहिलेंही नाहीं अशी शेजारची कुंडी मात्र भरून जाते. दुर्लक्षाला असें बक्षीस देणारें दुसरें रोप आमच्या पाहण्यांत नाहीं.

आणि येथेंच सोलापुरचें दुर्दैव हेंच त्याचें भाग्य ठरतें. आमचा पाऊस पर्जन्यछायेंतला, लहरी. मृगांत येऊन आषाढांत तोंड लपविणारा, श्रावणांत हुलकावण्या देणारा, आणि भाद्रपदाच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरांत, वर्षांतला सर्वांत मोठा वांटा एकदम टाकणारा. शेतकऱ्याच्या जिवावर उठणारी ही उघडझांप लिलीच्या पथ्यावर पडते. प्रत्येक खंडानंतरची सर तिला नवा वसंत असते. संतत झडीच्या कोंकणांत हा खेळ असा पुनःपुन्हा कसा रंगावा? शिवाय नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येण्याचा काळ ज्या शहरानें वर्षानुवर्षें काढला आहे, तेथें आठ महिने पाण्याचा थेंबही न मागणाऱ्या फुलझाडाची योग्यता वेगळी सांगावयास नको. गुलाबाच्या वाफ्यासाठीं घरांतल्या मंडळींशीं भांडण होऊं शकतें. लिलीसाठीं होत नाहीं.

लावण्याची कृति सोपी आहे. भीति एकच, ती काळ्या मातीची: ती पावसाळ्यांत पाणी धरून ठेवते व कंद कुजतो. म्हणून तिच्यांत वाळू आणि बारीक मुरूम सढळ हातानें मिसळावा, थोडें जुनें शेणखत घालावें, आणि वैशाखांत कंद दोन-तीन बोटें खोल पुरावे. खोलीविषयीं फार काळजी करण्याचें कारण नाहीं. कित्येक कंदांना आंखडणारीं मुळें असतात, तीं त्याला दर वर्षीं थोडथोडें खालीं ओढून योग्य जागीं नेऊन बसवितात. शेळ्या हिला सहसा तोंड लावीत नाहींत, कारण कंदांत लायकोरीन नांवाचें विषारी द्रव्य असतें (घरांत लहान मुलें असल्यास हें विसरूं नये). काळी, ठिपकेदार अळी मात्र एका रात्रींत पानें फस्त करते. ती हातानें वेंचावी हेंच बरें.

लिलीच्या जोडीला तिघांचा उल्लेख अवश्य करावयास हवा. भुईचाफ्याचा गड्डा शास्त्रदृष्ट्या कांद्याच्या जातीचा नव्हे, तो हळदीच्या कुळांतला. पण चैत्र-वैशाखांतल्या भाजलेल्या उघड्या जमिनींतून, एकही पान नसतां, पांढरें-जांभळें सुगंधी फूल थेट मातीवर ठेवल्यासारखें तोच काढतो. पंचांगांतल्या वसंताचा मान राखणारा आमच्या भुईंतला हाच एक सद्‌गृहस्थ. आफ्रिकेंतून आलेली फुटबॉल लिली मे-जूनच्या सुमारास एक तांबडा गोळा दाखविते व उरलेलें वर्ष नुसत्या पानांवर आणि झोंपेवर काढते. आणि माळरानावरचा रानकांदा! भर उन्हाळ्यांत निष्पर्ण दांड्यावर फिकट, करड्या रंगाचीं फुलें घेऊन तो उभा असतो. त्याला बागेंत कोणी आणीत नाहीं, आणि आणूंही नये. त्याची शोभा माळावरच.

आतां वाङ्मयाकडे वळूं. कालिदासाच्या पूर्वमेघांत मेघाच्या गर्जनेबरोबर भूमींतून शिलीन्ध्र वर येतात, आणि पुढें पाणथळ कांठांवर कंदलीला पहिल्या कळ्या आलेल्या असतात. ऋतुसंहाराच्या वर्षावर्णनांतही गवताच्या अंकुरांबरोबर कंदलीचीं पानें उठलेलीं आहेत. विक्रमोर्वशीयाच्या चौथ्या अंकांत, उर्वशीच्या शोधांत भ्रमिष्ट झालेला पुरूरवा नवकंदलीचीं तांबूस रेघांचीं, पोटांत पावसाचें पाणी भरलेलीं फुलें पाहतो, आणि रागानें आंतल्या आंत पाणावलेले तिचे डोळे त्याला आठवतात. कंदली म्हणजे नेमकी कोणती वनस्पति ह्याविषयीं एकवाक्यता नाहीं. कोणी तिला भूछत्र ठरवितात, कोणी केळीच्या पंक्तीला बसवितात. परंतु भूछत्राला तांबूस रेघांचें फूल येत नाहीं, आणि केळफुलाला पाहून कोणा विरही राजाला प्रियेचे डोळे आठवतील असें आम्हांस वाटत नाहीं. पांढऱ्या पाकळ्यांवर लालसर पट्टे असलेलें, पावसाच्या तोंडीं ओलसर जागीं फुलणारें क्रायनम ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हा श्लोक वाचतांना तेंच डोळ्यांपुढें येईल. ह्या ओळखीचा आमचा हट्ट नाहीं. आमचा मुद्दा एवढाच कीं, पहिल्या पावसाबरोबर जमिनीखालून येणाऱ्या फुलाकडे त्या कवीची नजर तीनदां गेली, आणि तिसऱ्यांदां तर त्या फुलावर एक सबंध मनःस्थिति उभी राहिली.

अर्वाचीन मराठी कवितेंत ही नजर फारशी आढळत नाहीं. रेव्हरंड टिळकांना फुलांमुलांचे कवि म्हणतात तें सार्थ आहे; बालकवींनीं श्रावणाला जें रूप दिलें त्यावर आमच्या तीन पिढ्यांचे डोळे घडले. तथापि आमच्या काव्यांतलीं फुलें बहुतेक झाडांचीं, झुडुपांचीं, वेलींचीं: प्राजक्त, बकुळ, चाफा, जाई, जुई, मोगरा. तीं माथ्यावरून ओघळतात, ओंजळींत येतात, वेणींत जातात. पायांपाशीं उगवणारें, वांकल्यावांचून न दिसणारें, वेणीच्या उपयोगाचें नसलेलें फूल कवितेंत येत नाहीं, कारण तें पूजेंत व शृंगारांत येत नाहीं. ह्याच्या उलट इंग्लंडांत ई. ए. बोल्ससारखा मनुष्य १९१४ सालीं आपल्या बागेंतल्या वसंतावर एक सबंध पुस्तक लिहितो, १९२४ सालीं क्रोकस व कोल्चिकम ह्यांवर दुसरें लिहितो, आणि विक्षिप्त आकाराच्या झाडांसाठीं बागेचा एक कोपरा राखून त्याला वेड्यांचें इस्पितळ म्हणतो. इतकें बारीक प्रेम आमच्या ललित गद्यांत ऋतूंवर केलेलें पाहावयाचें तर दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'पर्यंत, म्हणजे १९५६ सालापर्यंत, यावें लागतें. महिन्यामहिन्याला स्वतःच्या डोळ्यांनीं सामोरें जाण्याची ती रीत अंगणांतल्या दोन हात जमिनीवर कोणीतरी चालवून पाहावी, अशी आमची फार इच्छा आहे.

तोंवर सुशिक्षितांची हौस भलतीकडेच धांवते. श्रीनगरला २००७ सालीं ट्युलिपची बाग खुली झाल्यापासून एप्रिलांतल्या सहलीला नवें निमित्त मिळालें. तें ठीकच, डोळ्यांचें पारणें फिटावें असें तें दृश्य आहे. परंतु तेथून आल्यावर ट्युलिपच्या कंदांचीं पाकिटें घरपोंच मागवावीं, तीं आठवडेच्या आठवडे फ्रिजमध्यें भाजीशेजारीं ठेवावीं, एखादें आंखूड फूल आलें तर त्याचें छायाचित्र चार ठिकाणीं धाडावें, आणि फाल्गुनांत मलूल झालेला कंद कचऱ्यांत टाकावा, ह्याला बागकाम म्हणणें आम्हांस जड जातें. कंद लावण्याचा आनंद फुलापुरता नसतोच. एका कंदाचे तीन होतात, तिहींचे दहा, आणि पांचव्या वर्षीं ते शेजाऱ्यांना वाटावे लागतात. जो कंद दुसरें वर्ष पाहत नाहीं त्याच्यांत आणि विकतच्या फुलदाणींत अंतर तें काय?

राहतां राहिला नांवाचा प्रश्न, आणि आमच्या मतें तो क्षुल्लक नाहीं. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. पण मराठीनें त्याला निशिगंध म्हटलें, गुलछडी म्हटलें, आणि तो परका आहे हें आज कोणाच्या मनांतही येत नाहीं. कर्दळ अमेरिकेची, तीही आमची झाली. पहिल्या पावसानंतर मातींत दिसणाऱ्या तांबड्या मखमली किड्याला आपल्या भाषेनें मृगाचा किडा असें नेटकें नांव दिलें. त्याच आठवड्यांत त्याच अंगणांत उमलणाऱ्या फुलाला मात्र 'लिली' म्हणून सोडून दिलें, आणि त्याच शब्दांत इतर दहा फुलेंही कोंबलीं. 'मृगलिली' हें नांव आम्हांस बरें वाटतें. त्यावर एकच आक्षेप संभवतो: ती भाद्रपदांत पुन्हा फुलते, तेव्हां तिला काय म्हणावें?