गप्प बसणारा संवेदक

विमानातील गळती म्हटली की इंधन किंवा तेल डोळ्यांपुढे येते. पण गळू नये अशी आणखी एक गोष्ट तेथे असते, ती म्हणजे हवा. बहुतेक जेट विमानांत इंजिनाच्या संपीडकातून गरम, दाबाखालची हवा काढून घेतात आणि तिच्यावर प्रवासी कक्षाचे वातानुकूलन व पंखांवरील बर्फाचे निवारण करतात. नळीतील या हवेचे तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. नळी फुटली तर शेजारचा सांगाडा व तारा भाजून निघतात. म्हणून नळीलगत संवेदक बसवलेला असतो.

हा संवेदक म्हणजे धातूची बारीक नळी, तिच्या मधोमध एक तार आणि दोहोंमध्ये क्षार मुरवलेला सच्छिद्र सिरॅमिक. थंड असताना क्षार विद्युतरोधक असतो. ठरावीक तापमानाला तो वितळतो, आयन मोकळे होतात, रोध एकदम कोसळतो आणि वैमानिकाला इशारा मिळतो. ‘आयनिक संयुगे वितळलेल्या अवस्थेत विद्युतवाहक असतात’ हे वाक्य आपले विद्यार्थी पाठ करतात, ते हेच. वर्गात मात्र ते दाखवता येत नाही, कारण मीठ वितळायला ८०१ अंश लागतात!

२०२० नंतर अमेरिका, युरोप व कॅनडाच्या विमान नियामकांनी अनेक प्रकारच्या विमानांसाठी निर्देश काढले. काही संवेदकांत क्षार पुरेसा भरलाच गेला नव्हता. असे भाग शोधून, तपासून, सदोष असल्यास बदलणे बंधनकारक झाले. असे निर्देश आम्हाला वाचनीय वाटतात. दोष झाकलेला नाही, भागाचा क्रमांक दिलेला आहे, मुदत दिलेली आहे आणि कोणालाही ते वाचता येतात. अमेरिकी निर्देशात तर मजुरीचा हिशेबही असतो, ताशी ८५ डॉलर.

आमचा आक्षेप वेगळा आहे. दोष काय, हे निर्देश सांगतो. तो इतके दिवस का कळला नाही, यावर तो फारसा थांबत नाही. आमच्या मते खरा धडा तिथेच होता. विमानातील नेहमीची चाचणी तारेतून प्रवाह वाहतो की नाही हे पाहते. तार अखंड असेल तर क्षार कमी असला तरी चाचणी उत्तीर्ण! क्षाराची परीक्षा तापवल्याशिवाय होत नाही. त्यातून काही रचनांत खोटा इशारा टाळण्यासाठी दोन संवेदक लावतात आणि दोघांनी ‘हो’ म्हटले तरच इशारा देतात. एक बंद पडल्याचे कळले तर दुसऱ्यावर काम भागते. पण येथे बंद पडलेला स्वतःला धडधाकट म्हणवतो, आणि त्याच्या गप्प बसण्याने चांगल्या जोडीदाराचेही तोंड बंद होते.

शाळेतील अग्निशामक नळकांड्यावरची तपासणीची चिठ्ठी या निमित्ताने विद्यार्थ्यांना वाचायला लावावी. नेमके काय तपासले, हे तिच्यावर लिहिलेले आहे का?