दख्खनच्या राणीत न बसलेले प्रवासी

विजेवरच्या जुन्या गाड्यांच्या आठवणी हा मराठीतला एक लहानसा, पण चिवट लेखनप्रकार आहे. लोकलच्या मोटरचा चढत जाणारा सूर, लाकडी बाक, 'दख्खनच्या राणी'तलं कटलेट आणि चीज टोस्ट हे त्याचे ठरलेले थांबे. एप्रिल २०१६मध्ये हार्बर मार्गावरची १५०० व्होल्ट डीसीची शेवटची लोकल धावली आणि या लेखनाचा सूर आणखी हळवा झाला. हे लेखन मी आवडीने वाचतो. पण पुरावा म्हणून ते हाती घेतलं, की त्यात कोण बोलतं आणि कोण गप्प आहे, हे पाहावं लागतं.

तारखांची गल्लत मला फारशी खटकत नाही, कारण ती सहज सापडते. 'सर रॉजर लमली' या इंजिनाचं उदाहरण घ्या. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी पहिल्यांदा निघाली, तिच्याशी हे नाव हमखास जोडलं जातं. लमली मुंबईचे गव्हर्नर झाले ते १९३७ साली. इंजिन तेव्हाचं असेलही, त्यावरचं नाव तेव्हाचं असणं शक्य नाही. स्मृती अशी दोन खऱ्या गोष्टींना एका दोऱ्यात ओवते.

अधिक घोटाळा 'ब्रिटिश' या शब्दाने केला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी सुरू झाली. त्या काळातले लोकलचे डबे इंग्लंडच्या कॅमेल लेअर्डचे होते, तसे जर्मनीच्या युर्डिंगेनचेही होते. दख्खनच्या राणीच्या डब्यांचे सांगाडे इंग्लंडात झाले, पण वरची अंगं जीआयपी रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात बांधली गेली. चंदेरी रंगावर लाल पट्ट्या, निळ्यावर सोनेरी रेघा, या दोन रेकच्या रंगांचं वर्णन करताना आठवणीकार थकत नाहीत. ते डबे उभे करणारे माटुंग्याचे सुतार, लोहार, रंगारी मात्र 'अस्सल विलायती गाडी' या दोन-तीन शब्दांखाली गडप होतात. मला हा या लेखनाचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

दुसरी गोष्ट दर्जाची. सुरुवातीला या गाडीत पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. १ जानेवारी १९४९ला पहिला वर्ग बंद झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले. तिसरा वर्ग जोडला गेला तो जून १९५५मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षं तिसऱ्या वर्गाच्या माणसाला ही राणी फलाटावरूनच पाहायची होती. 'तेव्हा गाडीत कशी शिस्त होती' असं वाक्य भेटलं, की मी आधी त्या वाक्याचा काळ तपासतो. १९५५च्या अलीकडचं की पलीकडचं, यावर त्या शिस्तीचा अर्थ बदलतो.

मग विलायती विजेच्या गाडीचा अनुभव तिसऱ्या वर्गाला नव्हताच का? मुंबईच्या लोकलमध्ये होता. आणि आमच्या भंडाऱ्याकडच्या माणसालाही होता, थोड्या आडवाटेने. भंडारा रोड स्टेशन वरठीला. तिथून नागपूर आणि नागपूरहून मुंबईची गाडी. १९३०च्या सुमारास इगतपुरीपर्यंत वीज पोचली. त्यानंतर इगतपुरीला कोळशाचं इंजिन सुटायचं, विजेचं लागायचं आणि थळ घाटातले बोगदे धुराविना पार व्हायचे. मॅट्रिकला नापास होऊन गिरणीत निघालेला पोरगा असो की कोर्टकचेरीसाठी निघालेला मालगुजार, मेट्रोपोलिटन-विकर्सच्या यंत्राने त्यांना एकाच घाटातून उतरवलं. तरीही आठवणींच्या या लेखनात इगतपुरी येते ती बहुधा वडापावाच्या वासासह आणि पुण्या-मुंबईच्या सहलीवाल्यांच्या डोळ्यांनी. डोळ्यांत कोळशाचे कण घेऊन दीड दिवसाने तिथे पोचलेल्या माणसाला तो बदल कसा वाटला असेल, हे कुणी विचारलेलं मला दिसलं नाही. आमच्याकडे रुळांवर वीज आली ती फार नंतर, थेट २५ हजार व्होल्ट एसीची. त्यामुळे इथल्या आठवणीत विलायती विद्युत इंजिन म्हणजे इगतपुरीच.

एका ठिकाणी मात्र गप्प माणसांचा आवाज टिकला आहे. घाटात मालगाड्या ओढणाऱ्या आणि इतर गाड्यांना मागून रेटा देणाऱ्या ईएफ/१ इंजिनांना 'खेकडा' म्हणत. आराखडा स्वित्झर्लंडच्या विंटरथुरचा, विजेची सामग्री मँचेस्टरची, बहुतेक इंजिनं लँकेशरच्या व्हल्कन फाउंड्रीत बांधलेली. त्यांचं मराठी नाव कोणत्याही कागदावर ठरलेलं नाही. आठवणीकार सांगतात, चाकांचे जोडदांडे खेकड्याच्या पायांसारखे हलत, म्हणून हे नाव. दुसरी व्युत्पत्ती आवाजाची आहे: उभं असताना इंजिन कण्हल्यासारखं वाजे आणि धावताना दांड्यांची सळसळ होई. जोडदांडे डब्याच्या खिडकीतूनही दिसले असतील. उभ्या इंजिनाचं कण्हणं ऐकायला मात्र रात्रपाळीत त्याच्याशेजारी उभं राहावं लागतं.