ऑपेरा हाऊसची हरवलेली सकाळ

१९९३ पासून कुलूपबंद असलेले मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडले. झुंबरे लखलखली, सोनेरी नक्षी परतली. २०१७ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांचे काम चोख आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या वास्तूची जी कहाणी सांगितली जाते तिच्याबद्दल. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, पुढे सिनेमा, १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांची खरेदी, मग कुलूप. बादशहापासून महाराजांपर्यंत सगळे आले. मधली हिंदुस्तानी जबान कुठे गेली?

१९४४ साली पृथ्वीराज कपूर यांनी पृथ्वी थिएटर्स काढले. ऑपेरा हाऊस तोवर सिनेमागृह झाले होते. संध्याकाळ सिनेमाची, म्हणून नाटके सकाळी होत. इथे १९४५ मध्ये इंदरराज आनंद यांचे ‘दीवार’ रंगले. परक्यांच्या चिथावणीने दोन भाऊ घराच्या मध्ये भिंत घालतात आणि शेवटी ती भिंत पाडली जाते. देशात मात्र दोनच वर्षांनी भिंत उभी राहिली. त्याच १९४७ मध्ये ‘पठाण’ आले. त्यातला पठाण हिंदू मित्राच्या मुलासाठी स्वतःच्या मुलाचा बळी देतो. आज हे कुणाला भाबडे वाटेल. त्या वर्षी मुंबईत हे नाटक लावायला छाती लागत होती.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. वर्गातल्या मुलांना हिंदुस्तानी म्हणजे फक्त सिनेमातले संवाद वाटतात. रामपूरच्या घराण्यातल्या जोहरा सहगल याच कंपनीत चौदा वर्षे होत्या, खेळ संपल्यावर पृथ्वीराज स्वतः झोळी पसरून दाराशी उभे राहत, हे त्यांना सांगावे तर दाखवायला काय आहे? (‘आलम आरा’ जिथे लागला ते गिरगावचे मॅजेस्टिक तर पाडलेच गेले. त्यातही पृथ्वीराज होतेच.) ऑपेरा हाऊस निदान उभे आहे. पण दुरुस्तीने जपले ते ऑपेराचे रूप. सिनेमागृहाची दशके ही जणू वास्तूला जडलेला आजार होता, तो बरा केला, असा एकूण सूर. तो आम्हाला मान्य नाही. साधा माणूस या दारातून आत आला तो त्याच दशकांत.

‘दीवार’ पुन्हा याच रंगमंचावर व्हावे. सकाळी, शाळेच्या मुलांना परवडेल अशा तिकिटात.