सिटाग्लिप्टिनसाठी घडवलेले एन्झाइम : एका शोधनिबंधाचे परीक्षण

'एन्झाइम पाण्यात व सौम्य तापमानाला काम करतात, म्हणून जैवउत्प्रेरण हरित असते,' असे वाक्य तुम्ही परीक्षेत लिहिले असेल. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांच्या संशोधकांनी २०१० साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध वाचा. ते वाक्य किती अपुरे आहे हे कळेल.

सिटाग्लिप्टिन हे टाइप-२ मधुमेहावरील औषध. त्यातील किरल अमाईनचे फक्त 'आर' रूप हवे असते. आधीच्या पद्धतीत एनामाईनचे ऱ्होडियम उत्प्रेरक वापरून उच्च दाबाखाली हायड्रोजनीकरण करीत. एनान्शिओमरिक अतिरेक सुमारे ९७ टक्के मिळे. म्हणून पुन्हा स्फटिकीकरण करावे लागे आणि ऱ्होडियमही काढून टाकावे लागे. नव्या पद्धतीत ट्रान्सअमिनेज हे एन्झाइम आयसोप्रोपिलअमाईनमधील अमिनो गट थेट कीटोनला देते. उरलेला अ‍ॅसिटोन काढत राहिले की समतोल उत्पादनाकडे झुकतो.

निबंधाचे खरे बळ पुढे आहे. मूळ एन्झाइम या कीटोनवर मुळीच काम करीत नव्हते, कारण एवढा मोठा रेणू त्याच्या सक्रिय स्थळात मावत नव्हता. संशोधकांनी आधी त्याच कीटोनचे लहान रूप घेऊन जागा रुंदावली, मग पूर्ण रेणूकडे वळले. उत्क्रांतीच्या ११ फेऱ्यांनंतर २७ बदल झालेले एन्झाइम दर लिटरला २०० ग्रॅम कीटोन हाताळू लागले आणि अतिरेक ९९.९५ टक्क्यांच्या वर गेला. प्रक्रिया आधी ठरवून एन्झाइमला तिच्याजोगे घडवणे, हा यातला मोठा धडा.

आता उणी बाजू पाहा. अभिक्रियेच्या द्रावणात निम्मे डायमिथाइल सल्फॉक्साइड आहे. मग 'पाण्यात' हा शब्द कुठे उरला? कचरा १९ टक्क्यांनी घटला, हा आकडा प्रक्रियेच्या मालकांनीच दिलेला आहे. तो वाचताना एन्झाइम तयार करण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे विचारा. मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूने मांडायला हवी : मर्कच्या आधीच्या पद्धतीलाच २००६ साली अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला होता. चांगल्या प्रतिस्पर्ध्यावर मिळवलेले १९ टक्के कमी लेखू नयेत.

म्हणून उत्तरपत्रिकेत नुसते 'हरित' लिहून थांबू नका. कशाच्या तुलनेत आणि किती, हेही लिहा.