छोट्या पेटीतला नावांचा कारकून

संगणकाला नाव कळत नाही, पत्ता कळतो. आपण पडद्यावर एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहितो तेव्हा कोणीतरी त्या नावाचा आकडी पत्ता शोधून द्यावा लागतो. हे काम करणारी व्यवस्था म्हणजे डी. एन. एस. तिचा आराखडा पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडला. त्यापूर्वी जाळ्यातल्या साऱ्या यंत्रांची नावे कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत एकाच यादीत लिहिलेली असत, आणि ज्याला लागेल त्याने ती यादी उतरवून घ्यावी असा रिवाज होता. यंत्रे वाढली तशी ही पद्धत मोडकळीस आली. आज यादी जगभर वाटलेली आहे आणि आपल्या घरातल्या किंवा शाळेतल्या वाय-फायच्या पेटीतही तिचा एक छोटासा कारकून बसलेला असतो. बऱ्याच पेट्यांत त्याचे नाव 'डीएनएसमास्क' असते. आपण परीक्षण करणार आहोत ते त्याचेच, आणि 'ओपनडब्ल्यूआरटी' या छोट्या यंत्रांसाठीच्या लिनक्समध्ये तो ज्या रीतीने बांधून दिला जातो त्या रीतीचे.

सायमन केली यांनी लिहिलेला हा कार्यक्रम गुणी आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. मोठा नामसेवक नावाचा माग काढत थेट मुळापर्यंत जातो. हा तसे काही करत नाही. वरच्याला विचारतो, आलेले उत्तर मुलांना देतो आणि थोडा वेळ लक्षात ठेवतो. मूळ रचनेत त्याची स्मरणशक्ती अवघ्या १५० नावांची आहे. शिवाय नव्याने जोडलेल्या फोनला पत्ता देणे आणि स्थानिक यादीतली नावे सांगणे ही कामेही तोच करतो. ४ मेगाबाइट साठवण आणि १६ मेगाबाइट स्मृती असलेल्या पेट्यांत इंटरनेटचा संसार चालला, तो अशा काटकसरी कार्यक्रमांमुळेच.

आता ही पेटी कर्जत-खालापूरकडे आणून पाहू. खालापूर तालुक्यातून द्रुतगती मार्ग जातो, कर्जतमधून मुंबई-पुणे रेल्वे जाते. पण माथेरानच्या डोंगराखालच्या किंवा भीमाशंकरच्या उतारावरच्या ठाकर-कातकरी वाड्यांत फोनला रेघ मिळवायला टेकाडावर चढावे लागते. (१९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली, तेव्हापासून या भागाला असे काही नवे नाही.) अशा शाळेसाठी 'इंटरनेट-इन-अ-बॉक्स'सारखी योजना उपयोगी पडते. मुठीएवढ्या रास्पबेरी पाय संगणकात विकिपीडिया, धडे, नकाशे साठवायचे आणि तारेशिवाय ते वर्गातल्या फोनांना वाचू द्यायचे. बाहेरचे जाळे लागत नाही. पेटीचे नाव सांगणारा कारकून मात्र लागतो, आणि तो कसा मांडला आहे यावर वर्गात काय घडते हे ठरते.

पहिला आक्षेप कार्यक्रमावर नाही, त्याच्या प्रचलित मांडणीवर आहे. अशा पेट्यांसाठी हातोहात फिरणाऱ्या सूचनांत एक ओळ नेहमी आढळते. तिचा अर्थ असा : कोणतेही नाव विचारा, उत्तर म्हणून पेटीचाच पत्ता द्या. सोय आहे खरी. मुलीने काहीही लिहिले तरी ग्रंथालयाचे पान उघडते. पण बँकेचे नाव विचारले तरी पेटी 'तो मीच' म्हणते, आणि रेल्वेचे विचारले तरी 'तो मीच'. पुढे सुरक्षित जोडणीची वेळ आली की फोन ओळखपत्र तपासतो, ते जुळत नाही आणि पडद्यावर धोक्याचा इशारा येतो. वर्गात रोज असे इशारे आले की मुले ते न वाचता पुढे ढकलायला शिकतात. ग्रंथालय उघडून देताना आपण नेमकी उलटी सवय लावतो. डी. एन. एस.मध्ये 'असे नाव नाही' हेही रीतसर उत्तर आहे. आपल्या पेटीच्या नावाची एक ओळ लिहावी आणि बाकी सर्व नावांच्या त्याच ओळीत पत्त्याची जागा रिकामी सोडावी, म्हणजे कारकून सरळ 'नाही' म्हणतो. आपल्या शाळेत पेटी असेल तर अक्षरे वाटेल तशी जुळवून एक नसलेले नाव विचारून पाहा. ती 'नाही' म्हणते की पान उघडते, यावरून तिची मांडणी कळेल.

दुसरा मुद्दा गुंतागुंतीचा आहे. वरून आलेले उत्तर खरे की बनावट, हे पाहण्यासाठी नावांच्या उत्तरांवर अंकीय सही करण्याची पद्धत आहे. तिला डीएनएससेक म्हणतात. सहीला आरंभाची आणि अखेरची तारीख असते, म्हणजे तपासणाऱ्याकडे घड्याळ हवे. वाय-फायच्या स्वस्त पेट्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळ सहसा नसते. पावसाळ्यात वीज गेली, परत आली, की पेटी जुन्याच कुठल्यातरी तारखेला जागी होते. तिच्या लेखी आजच्या सह्या अजून सुरूच झालेल्या नसतात. म्हणून ती सगळी उत्तरे नाकारते. घड्याळ लावायचे तर वेळ सांगणाऱ्या सेवकाकडे जायला हवे, त्याचे नाव विचारायला हवे, आणि त्या नावाचे उत्तरही नाकारले जाते! या कोंडीवर केली यांनी काढलेली तोड साधी आहे. घड्याळ लागल्याची खूण मिळेपर्यंत सह्यांच्या तारखा पाहायच्या नाहीत, बाकीची तपासणी चालू ठेवायची. ओपनडब्ल्यूआरटीच्या बांधणीत ही खूण आपोआप दिली जाते. मांडणीचे हे उत्तम काम आहे.

फक्त ते 'पूर्ण' नावाच्या मोठ्या गाठोड्यात आहे. पेटीत आधीपासून असते ते हलके गाठोडे, आणि त्यात सही तपासण्याची सोयच नाही. मग पूर्ण गाठोडेच सर्वांना द्यावे का? इथे घाईने निकाल देता येत नाही. जानेवारी २०२१मध्ये या कार्यक्रमातल्या सात त्रुटी 'डीएनएसपूक' या नावाने जाहीर झाल्या. त्यातल्या तीन अशा होत्या की त्यांच्या आधारे कारकुनाच्या स्मृतीत खोटी उत्तरे घालणे सोपे होई. उरलेल्या चार मात्र सही तपासणाऱ्या भागातच होत्या! म्हणजे ज्याने तो भाग गाळला होता, तो या चारांतून सुटला. कमी लिहिलेल्यात चुकाही कमी, हा हलकेपणाचा खरा फायदा आहे. दुरुस्ती २.८३ या आवृत्तीत झाली. पण दूरच्या शाळेतली पेटी एकदा बसवली की तिच्यातली आवृत्ती कोण बदलतो? माझ्या मते बांधणाऱ्यांनी साठवणीपेक्षा या प्रश्नाला जास्त जागा द्यायला हवी होती.

किरकोळ तक्रारी दोन. नावांची सारी मांडणी 'डीएचसीपी' नावाच्या फायलीत आहे. नवशिक्याला ती तिथे सापडणे कठीण, आणि 'डीएनएसमास्क'च्या नावाची वेगळी फाईलही शेजारी असल्याने गोंधळ वाढतो. दुसरी, घरगुती नाव निवडताना केलेली बेफिकिरी. एका जर्मन कंपनीच्या पेट्या वर्षानुवर्षे 'फ्रिट्झ.बॉक्स' या नावाला उत्तर देत. २०२४च्या आरंभी 'बॉक्स' हा शेवट सर्वांना खुला झाला आणि ते नाव भलत्यानेच नोंदवले. त्याच वर्षी खासगी वापरासाठी 'इंटर्नल' हा शेवट राखून ठेवण्यात आला. शाळेने तोच वापरावा.

आता उरला तो आक्षेप मराठी वाचकाला सर्वांत जवळचा आहे. 'भारत' हा देवनागरी शेवट २०१४ साली खुला झाला. जाळ्यात मात्र रोमन अक्षरे, अंक आणि आडवी रेघ एवढेच चालते, म्हणून देवनागरी नाव वेषांतर करून जाते. 'भारत'चे रूप 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असे होते. फोनमधला ब्राउझर हे वेषांतर स्वतः करतो. कारकुनाच्या यादीत नाव लिहायचे तर तेही तसेच बदललेले हवे. ते बदलण्याची कला डीएनएसमास्कला येते. डेबियन लिनक्सच्या बांधणीत ती दिलेली असते. ओपनडब्ल्यूआरटीच्या नेहमीच्या बांधणीत ती गाळलेली आहे. ४ मेगाबाइटच्या काळात हे समजण्यासारखे होते. पण त्या पेट्यांना १९.०७ या आवृत्तीनंतर रजा मिळाली, आणि गाळलेली सोय मात्र परत आलेली नाही. परिणाम असा की कर्जतच्या एखाद्या शिक्षकाने पेटीच्या यादीत आपल्या शाळेचे नाव सरळ मराठीत लिहिले, तर कारकून ती ओळ सोडून देतो आणि नोंदवहीत इंग्रजीत शेरा लिहितो, 'बॅड नेम'. शिक्षकाला दुसऱ्या संगणकावर ते नाव रोमन वेषात बदलून आणावे लागते आणि एकेक अक्षर तपासत यादीत उतरवावे लागते.