पोविसच्या भिंती आणि क्लाइव्हचा पैसा

वेल्समधल्या पोविस किल्ल्याच्या बागेविषयी लिहायला बसले की आपल्या लेखणीवर एक वाक्य आपसूक येते : या भिंती आपल्या लुटीवर उभ्या आहेत. वाक्य झणझणीत आहे, पण कालक्रमात बसत नाही. खडकाळ उतार कापून एकाखाली एक केलेले हे टप्पे सतराव्या शतकाच्या अखेरचे, हर्बर्ट घराण्याचे. प्लासीची लढाई १७५७ची.

शैलीवर बोलणारे इटालियन वळण, शिशाचे पुतळे आणि भिंतीवर ओथंबलेली यूची अवाढव्य झाडे सांगून थांबतात. मला महत्त्वाची वाटते ती वीट. ती दिवसाची ऊब धरून ठेवते, म्हणून एरवी वेल्सच्या थंडीत न टिकणारी झाडे भिंतीच्या आडोशाने तगतात. नुसता देखावा म्हणून या भिंतीकडे पाहणे अपुरे आहे.

मग हिंदुस्थानचा संबंध कुठे? रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याने १७८४मध्ये हेन्रिएटा हर्बर्टशी लग्न केले. हर्बर्टांकडे घराणे होते आणि कर्ज, क्लाइव्हांकडे पैसा. मोडकळीला आलेला किल्ला त्या पैशाने सावरला. एडवर्ड पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. टिपूचा छिटाचा तंबू आज याच किल्ल्यात आहे.

म्हणजे आपल्या पैशाने भिंती बांधल्या नाहीत, त्यांचे मालक तगवले. हा आरोप पहिल्यापेक्षा सौम्य आहे असे मला वाटत नाही. फक्त तो सिद्ध करता येतो. नॅशनल ट्रस्टच्या २०२०च्या वसाहतवादविषयक अहवालात पोविसचे नाव आहेच.